पावसाळी गस्तीवरचा माणूस

चिपळूण,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मुलांसमोर 'खरा हीरो कोण' यावर बोलायचं आहे, सैनिक आणि खेळाडू सोडून कुणीतरी सुचव, असं तू लिहिलंस. मला एकच माणूस सुचला. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा ट्रॅकमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार. त्याचं काम नीट समजावून सांग, विशेषणं लावायची गरजच पडणार नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी जागा कशी आहे ते बघ. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग, त्यात ९१ बोगदे आणि डोंगर उभे कापून काढलेली असंख्य कटिंगं. वर जांभा, खाली मऊ चिकणमाती. चार दिवस झोडपून पाऊस पडला की जांभ्याच्या भेगांतून पाणी खाली मुरतं, मातीचा थर लोण्यासारखा होतो आणि वरचा भार खाली घसरतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रात्री रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीतल्या दगडांमुळे पुलावरून घसरली. त्यानंतर डोंगरांना जाळ्या बसल्या, उतार कमी केले, गाड्यांचा वेग उतरवला. तरीही अमुक दगड अमुक रात्री सुटणार, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते बघायला माणूसच चालत जातो.

आता त्याच्याजवळचं सामान. अंगात रेनकोट, पायात गमबूट, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात फुरसं कुठे बसलेलं असेल सांगता येत नाही. हातात काठी आणि टॉर्च. शिट्टी. लाल-हिरवा-पिवळा प्रकाश देणारे हातदिवे, तेही दोन. दोन का, ते पुढे कळेल. पत्र्याच्या डब्यात फटाका सिग्नल, म्हणजे डिटोनेटर : चपट्या डबीएवढा, दोन्ही बाजूंना वाकवायच्या पट्ट्या असलेला. लाल ज्योतीने पाचेक मिनिटं जळणारी फ्युजी, म्हणजे इशाऱ्याची मशाल. आणि गस्तीची वही. ही वही स्टेशनमास्तरच्या सहीने सुरू होते, हद्दीच्या टोकाला पलीकडून आलेल्या गस्तवाल्याशी तिची अदलाबदल होते. त्यामुळे कुणी अर्ध्यातून परत फिरला तर लगेच उघडं पडतं.

चाल ताशी तीन किलोमीटरची धरलेली असते, यापेक्षा भरभर चाललं तर बघायचं राहून जातं. तो काय बघतो? कटिंगच्या भिंतीतून झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर एक वेळ चालतं, लालसर गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे. काल सरळ उभं असलेलं झाड आज कललंय का. वरचा पाण्याचा चर पालापाचोळ्याने तुंबलाय का. पुलाच्या खांबावर धोक्याची रेघ रंगवलेली असते, पाणी तिच्या किती खाली आहे. रुळांखालची खडी वाहून जाऊन स्लीपर, म्हणजे रुळांना आधार देणारा आडवा ठोकळा, अधांतरी लोंबतोय का. आणि कान. मोठी दरड येण्याआधी बरेचदा बारीक खडे टपटप गळायला लागतात. पावसाच्या आवाजातून तो आवाज वेगळा काढणं शिकावं लागतं, आणि ते पुस्तकातून येत नाही.

समोरून गाडी आली की तो रुळांच्या कडेला उतरतो, दिव्याचा उजेड छातीवरच्या नंबरच्या बिल्ल्यावर धरतो आणि शिट्टी वाजवतो. गाडी चालवणाऱ्या लोको पायलटला तेवढ्यावरून कळतं, माणूस जागा आहे, पुढची वाट त्याने पाहिलेली आहे.

आता समज, वळणापलीकडे रुळांवर दगड पडलाय. टेबलाएवढा. पहिली ऊर्मी काय होते? दगडाला हात घालायची. ढकलून बघू, पहारीने सरकवू. इथेच घात होतो. दगड हलत नाही, पाच मिनिटं जातात आणि गाडी पाच मिनिटं जवळ येते. दुसरी चूक म्हणजे मोबाइलला रेंज मिळते का बघत एका जागी थांबणं. कटिंगमध्ये आणि बोगद्यात रेंजचा भरवसा नसतो.

त्याला शिकवलेलं असतं ते असं. एक दिवा लाल करून दगडापाशीच ठेवायचा आणि दुसरा हातात घेऊन, ज्या बाजूने गाडी आधी यायची आहे त्या बाजूला निघायचं. कुठली गाडी केव्हा, हे निघतानाच डोक्यात पक्कं असावं लागतं. लाल दिवा हलवत, शिट्टी वाजवत जायचं. ६०० मीटरवर रुळाच्या माथ्यावर एक फटाका बसवायचा. मग आणखी पुढे, १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके. पट्ट्या रुळाला घट्ट वाकवायच्या. ओल्या, गारठलेल्या बोटांनी हे काम अर्धवट राहतं, मग गाडीच्या हादऱ्यानेच फटाका खाली पडतो. बसवून झाल्यावर निदान ४५ मीटर लांब उभं राहायचं, कारण फुटताना त्याचे तुकडे उडतात. चाकाखाली फटाका फुटला की पायलट ब्रेक लावतो, मग त्याला समोरचं दिसत असो वा नसो.

१२०० मीटरच का? ताशी ७५ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २१ मीटर पुढे सरकते आणि पूर्ण थांबायला तिला शेकडो मीटर लागतात. त्यात वळणावर हेडलाइटचा झोत डोंगरावर पडतो, रुळांवर पडत नाही. पायलटला दगड दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

पण ते अंतर माणसाने तोडायचं म्हणजे काय, ते मुलांना सांग. स्लीपर ६० सेंटीमीटरवर असतात. एकेकावर पाऊल टाकलं तर तोकडं पडतं, एक सोडून एक गाठायचा तर उडी मारावी लागते. १२०० मीटर म्हणजे असे सुमारे दोन हजार स्लीपर, काळोखात, निसरड्यावर, गमबुटांत. आणि मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे, म्हणजे गाडी दोन्हीकडून येऊ शकते. एकटाच असेल तर १२०० मीटर परत यायचं, त्याच दरडीवरून किंवा तिच्या कडेने पलीकडे जायचं, जिथे वरून अजून दगड सुटत असतील, आणि दुसऱ्या बाजूलाही तेच सगळं करायचं. एकूण ३६०० मीटर. दगडापाशी ठेवलेला तो पहिला दिवा तोवर पलीकडची बाजू सांभाळतो.

विनायक, मला जे म्हणायचंय ते इथे आहे. संकट दगडापाशी दिसतं, पण त्याचं काम दगडापासून लांब, गाडीच्या दिशेने आहे. भीती वाटत असताना क्रम न चुकवणं, यालाच मी शौर्य म्हणतो.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गस्तवाला ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांनंतरही स्टेशनला पोचला नाही, तर स्टेशनमास्तर 'झोपला असेल' असं धरत नाही. वाटेत काहीतरी घडलंय असं मानून, पायलटला सावधगिरीचा हुकूम दिल्याशिवाय तो त्या टप्प्यात गाडी सोडत नाही. त्या माणसाचं न येणं हासुद्धा सिग्नल धरतात, इतका त्याच्या येण्यावर विश्वास आहे.

मुलं मयूर शेळके यांचं नाव घेतील. घेऊ देत. १७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनवर या पॉइंट्समनने समोरून गाडी येत असताना रुळांवर पडलेल्या मुलाला उचललं, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्याच मुलासाठी देऊ केली. त्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. फरक एवढाच, की ते कॅमेऱ्यात आलं म्हणून आपल्याला कळलं. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटी आणि विन्हेरे यांच्यामध्ये दरड कोसळली, वाहतूक ठप्प झाली, जीवितहानी झाली नाही, आणि आपल्या लक्षात राहिलं ते एवढंच की गाड्या रद्द झाल्या. गाडी थांबली की डब्यातली माणसं वैतागतात. आपण का थांबलो आणि पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं तर पाहिजे ना!

बहुतेक रात्री तर काहीच सापडत नाही. सगळी हद्द चालून वहीत 'सर्व ठीक' लिहायचं आणि पुढच्या रात्री तेवढ्याच लक्षाने पुन्हा निघायचं. शंभराव्या रात्री पहिल्या रात्रीइतकंच बारकाईने बघणं मला तरी दगड सापडण्यापेक्षा अवघड वाटतं.

भाषणाच्या आधी एक कर. मुलांना रुळांच्या आसपास अजिबात नेऊ नकोस. शाळेच्या फाटकापासून गावच्या रस्त्याने १२०० मीटर कुठे येतात ते आधी मोजून ठेव, आणि पाऊस असेल त्या दिवशी सातवी-आठवीच्या मुलांना छत्रीशिवाय, हातात टॉर्च देऊन तेवढं चालायला लाव. सोबत दोन शिक्षक आणि एक घड्याळ असू दे. किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिही, त्याखाली गाडीला तेवढ्याच अंतराला लागणारी सुमारे ५८ सेकंदं लिही, आणि मग बोलायला सुरुवात कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर