काचेच्या पट्ट्यांच्या सदोष लॉटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अल्ट्रामायक्रोटोमीसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ऊतकाचे अतिपातळ काप घेण्यासाठी) पुरवलेल्या काचेच्या पट्ट्या बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी विभागाने आपल्याकडून २५ मिमी रुंद, ६.४ मिमी जाड पट्ट्या मागवल्या. या लॉटमधल्या बहुतेक पट्ट्यांचा धड ग्लास नाईफ (काप घेण्याची काचेची सुरी) होत नाही. फोनवर कळवले, तेव्हा ‘नाईफ मेकरचे सेटिंग तपासा’ एवढेच सांगून आपल्या प्रतिनिधीने विषय संपवला. म्हणून हे पत्र.

सेटिंग तपासले आहे. मागच्या लॉटमधली शिल्लक पट्टी आणि ही नवी पट्टी नाईफ बनवण्याच्या त्याच यंत्रावर, एकाच दुपारी, एकाच हाताने तोडली. जुनीचे चौकोन सरळ निघाले. नवीमध्ये रेघ बरोबर मधोमध मारूनही चीर बाजूला पळते आणि चौकोन तिरका निघतो. मग नाईफसाठी तो चौकोन कर्णावर तोडल्यावर धार सरळ येणार कशी? चांगल्या नाईफच्या काउंटरपीसची (चौकोन तुटल्यावर समोर उरणाऱ्या दुसऱ्या तुकड्याची) कड बारीक आणि सारख्या जाडीची असते. इथे ती एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. धारेचा डावीकडचा भाग आम्ही बारीक कामासाठी राखतो, पण दातेरी खुणा तिथपर्यंत आल्या आहेत.

दोन पोलरॉइड फिल्टर काटकोनात धरून मध्ये पट्टी ठेवून पाहिली. जुनी जवळजवळ काळी दिसली. नवीच्या कडेला उजळ पट्टे दिसले. काच नीट ॲनील झालेली (सावकाश थंड केलेली) नाही, आतला ताण तसाच राहिला आहे. असा ताण असला की चीर मारलेल्या रेघेने जात नाही. त्यात पट्ट्यांमध्ये कागदही घातलेला नव्हता. बोटांचे ठसे साबणाने धुऊन जातात, ओरखडे जात नाहीत.

‘डायमंड नाईफ वापरा’ हा सल्लाही मिळाला. डायमंड आमच्याकडे आहे. पण ब्लॉक (रेझिनमध्ये बसवलेले ऊतक) ट्रिम करणे आणि टोल्युडीन ब्लू या रंगासाठी सेमीथिन सेक्शन (थोडे जाड काप) काढणे हे काम काचेवरच होते. त्यासाठी लाखांचा डायमंड कोणी झिजवत नाही. आमच्याकडे किडनी बायोप्सी येतात. मिनिमल चेंज डिसीज या किडनीच्या आजारात साध्या मायक्रोस्कोपखाली ग्लोमेरुलस (रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ) जवळपास नॉर्मल दिसतो. त्याच्यावरच्या पोडोसाइट पेशींचे पाय सपाट झालेले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरच कळतात. तो ग्लोमेरुलस ब्लॉकमध्ये कुठे आहे, हे आधी सेमीथिनवर शोधावे लागते. धार खराब असेल तर सेक्शनवर उभ्या रेघा येतात, ब्लॉकचा पृष्ठभाग ओरबाडला जातो आणि तो साफ करताना ऊतक वाया जाते. ६० ते ९० नॅनोमीटरचे चंदेरी सेक्शन घ्यायची वेळ येते, तेव्हा ब्लॉकमध्ये ग्लोमेरुलस उरलेलाच नसतो. सुईने काढलेला तेवढाच तुकडा असतो; रुग्णाला पुन्हा बायोप्सीला बोलवायचे कोणत्या तोंडाने?

तरी हा संपूर्ण लॉट आपल्या खर्चाने परत न्यावा व पंधरा दिवसांत बदलून द्यावा. नव्या पट्ट्या पोलरॉइडखाली तपासलेल्या, कागदात वेगवेगळ्या गुंडाळलेल्या आणि लॉट क्रमांक छापलेल्या असाव्यात. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही लॉटचे तोडलेले चौकोन आणि नाईफ सोबत पाठवत आहे. तरीही शंका असेल तर आपल्या तंत्रज्ञाला आमच्याकडे पाठवा. कामाच्या कोणत्याही दिवशी आमच्या यंत्रावर त्यांनी स्वतः पट्टी तोडून पाहावी.

आपली,
वरिष्ठ तंत्रज्ञ,
इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी विभाग