लोखंड, गंधक आणि फसणारा प्रयोग

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बाजारात ‘शुद्ध’ म्हणजे बिनभेसळीचे. रसायनशास्त्रात शुद्ध पदार्थ म्हणजे एकच मूलद्रव्य किंवा एकच संयुग (मूलद्रव्यांच्या रासायनिक संयोगातून बनलेला पदार्थ). त्यामुळे म्हशीचे निर्भेळ दूधही मिश्रणच आणि 916 शिक्क्याचे सोनेसुद्धा, कारण त्यात इतर धातू असतात. मिश्रण आणि संयुग यांतला फरक दाखवायला शाळेत लोहकीस आणि गंधकाचा प्रयोग करतात, पण तो बऱ्याचदा फसतो. कारण प्रमाण अंदाजाने घेतले जाते.

वजनाने 7 भाग लोहकीस, 4 भाग गंधकाची भुकटी असे प्रमाण घ्यावे. खलात नीट घोटून त्यातले 2-3 ग्रॅम पुरे. कीस बारीक आणि बिनगंजाचा हवा. चुंबक कागदात गुंडाळून फिरवला की लोखंड वेगळे होते, म्हणजे हे मिश्रण. मग जाड काचेच्या परीक्षानळीत तळाशी तापवावे. लाल धग दिसताच बर्नर बाजूला करावा. धग आपोआप वर सरकते, कारण अभिक्रियेतूनच उष्णता निघते. इथे तापवत राहिले तर गंधकाची वाफ नळीच्या तोंडाशी पेटते आणि वर्गभर ठसका!

लोखंड जास्त झाले तर ते उरते, चुंबकाला चिकटते आणि मुले म्हणतात, ‘सर, बदललंच नाही.’ तापवून तयार झालेले संयुग, म्हणजे आयर्न सल्फाइडही, कधी कधी किंचित चिकटते, म्हणून एकट्या चुंबकावर विसंबू नये. तयार झालेल्या पदार्थावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोनच थेंब टाकावेत, तेही खिडकी उघडून. सडक्या अंड्याचा वास आला की संयुग तयार झाले, पण हा वास ज्याचा तो वायू विषारी आहे.

– एक रसायनशास्त्र शिक्षक