नानाकाकांना पत्र: मे महिन्यातले गॉबलर

स्टेट कॉलेज, पेन्सिल्व्हेनिया
२७ मे

ती. नानाकाकांना,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ऐन विणीच्या दिवसांत पाखरू मारायची परवानगी सरकार देतंच कसं?" घरातल्या बाकी सगळ्यांना माझ्या हातात बंदूक आली याचंच नवल होतं. मुद्द्याचा प्रश्न तुम्ही विचारलात. वनखात्यात हयात घालवलेल्या माणसालाच तो सुचणार. फोनवर आवाज सारखा तुटत होता, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

वसंतात इथे रानटर्कीचा फक्त नर मारायचा असतो. नियमाच्या भाषेत 'दाढी असलेला पक्षी'. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा काळ्या, राठ पिसांचा झुबका. क्वचित एखाद्या मादीलाही दाढी असते आणि नियमाने ती मारता येते. पण ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकले, ते आमच्या शेजारचे म्हातारे शेतकरी अशी मादी समोर आली की बंदूक खाली ठेवतात. मीही ठेवते.

या पक्ष्यात एका नरामागे अनेक माद्या असतात. नर अंडी उबवत नाही, पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. मादी एकदा नराशी जुळली की पुढचे कित्येक आठवडे ती त्याच्याशिवाय फलित अंडी घालू शकते. त्यामुळे बहुतेक माद्या जुळून गेल्यावर काही नर कमी झाले तरी त्या वर्षीची वीण थांबत नाही. सगळी मेख आहे ती तारखेत. पेन्सिल्व्हेनियात मोसम १ मेच्या आसपासच्या शनिवारी उघडतो, म्हणजे पुष्कळ माद्या अंडी घालत असतात किंवा अंड्यांवर बसलेल्या असतात तेव्हा. पहिले दोन आठवडे दुपारी बारानंतर शिकार बंद, म्हणजे बसलेल्या माद्यांना उपद्रव कमी. मोसम आणखी आधी उघडावा, तेव्हा नर जास्त ओरडतात, असं म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. माद्या जुळायच्या आधीच कळपातला मुख्य नर गेला, तर त्याची जागा ठरेपर्यंत भांडणातच दिवस जातात आणि वीण लांबते.

आता नराबद्दल. त्याला इथे गॉबलर म्हणतात. पूर्ण वाढलेला गॉबलर आठ ते अकरा किलोंचा असतो. उन्हात त्याची पिसं तांब्यासारखी चमकतात, मधूनच हिरवी झाक मारतात. हिवाळ्यात नर वेगळे, माद्या वेगळ्या, असे कळप करून राहतात. दिवस मोठा व्हायला लागला की नराच्या अंगात वारं शिरतं. मार्चअखेर तो झाडावरूनच, पहाट फुटता फुटता, आरोळ्या ठोकायला लागतो. वाऱ्याविना पहाट असेल तर ती आरोळी दीड किलोमीटरवरून ऐकू येते. एप्रिलमध्ये हिवाळी कळप फुटतात, नर माद्यांना गोळा करायला लागतात, आणि आरोळ्यांचा पहिला भर तेव्हा येतो. शिकारी मात्र त्या वेळी नुसते ऐकत हिंडतात. डोंगराच्या कुठल्या धारेवर किती नर आहेत, मुक्कामाचं झाड कुठलं, उतरल्यावर कुठे जातात, हे सगळं मोसमाआधीच माहीत करून घ्यायचं. मला स्वतःला तेच दिवस सर्वांत आवडतात. हेळवाकला असताना तुम्ही मला पहाटे उठवून रानकोंबड्याच्या आरवण्यावरून तो ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ओळखायला लावायचात. तो कान इथे कामाला आला.

मोसम उघडतो तेव्हा मात्र पुष्कळदा रान गप्प असतं. पहाटे झाडावर दोन-चार आरोळ्या, आणि गडी खाली उतरला की चिडीचूप. नवशिक्याला वाटतं पक्षी गेले. ते गेलेले नसतात. भोवती माद्या असताना नराला ओरडायची गरजच उरत नाही. तो पिसारा फुलवून, पंखांची टोकं जमिनीला घासत त्यांच्यामागे फिरत राहतो. त्या वेळी तुम्ही मादीचा कितीही हुबेहूब आवाज काढा, हातातल्या माद्या सोडून तो न दिसणाऱ्या मादीकडे कशाला येईल? शिवाय बंदुकींचे बार वाजायला लागले आणि रानात माणसांची ये-जा वाढली की आरोळ्या आणखीच कमी होतात.

मग मेच्या मध्याला चित्र पालटतं. मादी रोज साधारण एक अंडं घालते, दहा-बारा होईपर्यंत. तोवर ती सकाळी नराबरोबर असते, मधेच सटकून घरट्यावर जाऊन येते. घरटं म्हणजे झुडपाखाली किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला उकरलेला उथळ खळगा. अंडी पुरी झाली की ती खुडूक होऊन बसते ती अठ्ठावीस दिवस. खाण्यापाण्यापुरतीच उठते. एकेक करून माद्या अशा नाहीशा होतात आणि नर एकटा पडतो. मग आरोळ्यांचा दुसरा भर येतो, आणि तो पहाटेपुरता नसतो. सकाळी नऊ-दहा वाजता, लोक कंटाळून घरी गेलेले असताना, एखादा गॉबलर भर उन्हात ओरडत ओरडत धार उतरून येतो. महिनाअखेर हेही ओसरतं. नर परत एकमेकांबरोबर चरताना दिसायला लागतात. पानं दाट झाल्यामुळे आवाजही जवळ आल्याशिवाय कळत नाही.

या शिकारीत खरी अडचण ही, की आपण निसर्गाच्या उलट मागणी करत असतो. नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, ही त्यांची रीत. आपण मादीचा आवाज काढून त्यालाच बोलावतो. म्हणून पुष्कळ नर साठ-सत्तर पावलांवर येऊन ठाण मांडतात. तिथेच पिसारा फुलवून, मादी आता दिसेल मग दिसेल म्हणून वाट बघतात. छऱ्याच्या बंदुकीने तीस-पस्तीस पावलांपलीकडे मारायचंच नाही, कारण पक्षी जखमी होऊन जाईल. म्हणजे त्या मधल्या तीस पावलांसाठी सगळा जीव टांगलेला. पुढे सरकायचा प्रश्न येत नाही. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, रंग दिसतात, पापणी हलली तरी कळतं. आणि कायद्यानेही इथे माग काढत टर्कीच्या अंगावर जायला मनाई आहे. आवाज देऊनच शिकार करायची, कारण ज्याला तुम्ही टर्की समजून सरकत जाल तो झाडाशी बसलेला दुसरा शिकारी असू शकतो. त्यासाठीच लाल, पांढरा, निळा रंग अंगावर असता कामा नये. गॉबलरच्या डोक्याचे तेच तीन रंग आहेत. बसायचं ते खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ लावून.

आवाज काढायची साधनं अनेक. लाकडी पेटी असते, तिचं झाकण कडेवर घासलं की मादीची हाक निघते. पाटीच्या दगडाची वाटोळी चकती असते, तिच्यावर काडी फिरवायची. आणि टाळूला लावायचा पातळ रबरी पडदा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मला पाटी जमते. तिच्यावर मादीचं समाधानी कुरकुरणंही काढता येतं. मोठ्याने, सारखं हाका मारण्यापेक्षा ती हळू कुरकुर आणि अधूनमधून एखादं 'क्लक' जास्त काम करतं, असं माझं पक्कं मत झालंय. गप्प बसणं तर त्याहून मोलाचं. संध्याकाळी मुक्कामाचं झाड शोधायला घुबडाचा आवाज देतात. घुबड, कावळा, ढगांचा गडगडाट, काहीही अचानक ऐकू आलं की नर न राहवून ओरडतो आणि आपला ठावठिकाणा सांगून बसतो.

गेल्या आठवड्यात ओक-हिकरीच्या झाडांनी भरलेल्या एका धारेवर बसले होते. पहाटे दूरवर एकच आरोळी झाली होती, मग काही नाही. साडेनऊच्या सुमाराला पाटीवर थोडं कुरकुरले, तर खालच्या घळीतून उत्तर आलं. मग बराच वेळ शांत. मी पुन्हा आवाज दिला नाही. त्यानंतर जे ऐकू आलं ते कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवलं: एक बारीकशी फुंकर, आणि तिच्या मागोमाग खोल घुमणारा नाद. पिसारा फुलवलेला नर जवळ आल्याशिवाय तो ऐकू येत नाही. आधी पंख्यासारखी शेपटी दिसली, मग डोकं. माथा पांढरा, गालावर निळा, मानेवरच्या गाठी लालभडक. चोचीवरून लोंबणारा मांसल दोरा एका बाजूला झुलत होता. दोन पावलं टाकली, थांबला, पिसं मिटली, मान उंच केली, आणि त्या सरशी डोक्याचा पांढरा रंग उतरून लाली चढली. त्याच्या मागे डावीकडे आणखी एक नर होता, पिसारा अर्धवट फुलवून. असे जोडीने फिरणारे नर पुष्कळदा भाऊ असतात. कॅलिफोर्नियातल्या पक्ष्यांच्या डीएनए तपासणीवर आधारलेला अभ्यास २००५ साली छापून आला. त्यात दिसलं, की दुय्यम जोडीदाराला स्वतःची पिल्लं होत नाहीत, पण भावाला जास्त होतात, आणि रक्ताचा वारसा त्या वाटेने चालतो. पुढचा पस्तीस पावलांच्या आत आला तेव्हा मी मानेवर नेम धरून बार काढला. तो जागीच पडला. दुसरा उडाला नाही, थोडा वेळ तिथेच घोटाळला आणि मग पळत घळीत उतरला. पडलेल्याच्या पायावर काटे चांगले वाढलेले होते, म्हणजे दोन-तीन वर्षांचा तरी असणार. उचलण्याआधी पायाला परवान्याचा टॅग बांधला. दहा दिवसांच्या आत खात्याला कळवावं लागतं, ते त्याच संध्याकाळी कळवलं.

काका, मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. मी ते लपवत नाही. तुम्ही आयुष्यभर जनावर वाचवायचं काम केलंत, तुम्हाला यात खटकेल ते खटकू द्या. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने शिकार बंद झाली ती योग्यच झाली, आणि तिथे मी मोराकडे किंवा रानकोंबड्याकडे कधीही बंदूक रोखणार नाही. इथला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेन्सिल्व्हेनियाचे डोंगर तोडून जवळजवळ उघडे केले होते. बाजारात विकायला पक्षी मारत. चेस्टनटची झाडं रोगाने गेली. १९३०च्या सुमाराला साऱ्या अमेरिकेत दोन लाखांच्या आसपास टर्की उरल्या होत्या, आज साठ लाखांच्या घरात आहेत. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला राखून ठेवला. शिकारीच परवान्याचे पैसेही भरतात. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकेनात. आईकडून रान शिकलेच नव्हते ना. पुढे रानातलेच पक्षी दाण्यावर बोलावून, त्यांच्यावर तोफेने उडवलेली जाळी टाकून धरले आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडले. ते रुजले. वसंतातली शिकार या राज्यात १९६८ साली सुरू झाली, ती त्यानंतर.

तरी सगळं आलबेल नाही. अनेक राज्यांत संख्या पुन्हा घटतेय. अंडी रॅकून, स्कंक असे इथले छोटे प्राणी खातात. पिल्लं दोनेक आठवडे उडून झाडावर बसू शकत नाहीत, आईच्या पंखाखाली जमिनीवरच रात्र काढतात. जूनमध्ये थंड पाऊस लागला तर पुष्कळ दगावतात. म्हणून आता माझं लक्ष पावसाकडे आहे.

एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. हा पक्षी आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला होता. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी नवलाच्या वस्तू आणल्या, त्यात एक टर्की होती. बादशहाने लिहून ठेवलंय, की मस्तीत आला की हा मोरासारखा नाचतो, आणि त्याचं डोकं-मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी होते. उस्ताद मन्सूरने त्याचं काढलेलं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाचं वर्णन वाचताना मला त्या धारेवरचा नरच आठवला. चारशे वर्षांपूर्वी, तेही एका परक्या पक्ष्याकडे, किती बारकाईने बघितलंय! तुम्हाला चित्राचा प्रिंट पाठवते.

मांसाबद्दल काकू विचारतील. छातीचं मांस मऊ, ते साधं तव्यावर केलं. पायांचं चिवट, म्हणून सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून तीन तास मंद आचेवर रस्सा ठेवला. शेजारच्या आजोबांनी दोनदा वाढून घेतला.

आता तुमच्याकडून एक हवंय. पावसाळा सुरू व्हायच्या आत मोराचा केका आणि रानकोंबड्याचं आरवणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. वेळ आणि जागाही सांगा. आणि एक विचारायचं होतं: लांडोर अंड्यांवर बसल्यावर मोर जास्त ओरडतो की कमी, हे तुम्ही कधी नोंदवून ठेवलंयत का? तुमच्या जुन्या वह्यांत असेल तर त्या पानांचे फोटो पाठवा. इथल्या आजोबांनाही उत्सुकता आहे.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
चिमी

ता. क. आईला सांगा, गोचिडांची मी काळजी घेते. विजार मोज्यात खोचते, औषध फवारते आणि घरी आल्यावर सगळं अंग तपासते. इथे गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो हे तिने कुठेतरी वाचलंय आणि तेव्हापासून रोज मेसेज येतोय.