कोऱ्या डीव्हीडीच्या डब्यावरचं नाव वाचून फसू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात आमच्या लग्नाची डीव्हीडी. लग्न १९९१ चं, गिरगावातलं, शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर. २००८ मध्ये भाच्याने कॅप्चर कार्ड लावून ते कॉम्प्युटरवर घेतलं, डीव्हीडी मी स्वतः बर्न केली आणि कॅसेट दिली भंगारात, म्हटलं कोण तो ठोकळा सांभाळणार. तर परवा हौसेने सगळ्यांना बसवून डीव्हीडी लावली. पुण्याहवाचन छान, अंतरपाट छान, मंगलाष्टकात अक्षता भटजींच्याच डोक्यावर पडतायत तेही छान, पंगतीत मठ्ठ्याची बादली घेऊन धावणारा मामा दिसला, सगळे हसले, आणि मग पाठवणी आली. माझे वडील डोळे पुसायला उपरणं वर नेतात आणि बरोब्बर तिथे चित्र थांबलं. हात अर्ध्यावर. मग चौकोन चौकोन, मग खर्र खर्र आवाज, मग प्लेअरने डिस्कच बाहेर टाकली. तीनदा लावली, पुसून लावली, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावली, तिथेच अडकते.

ती शेवटीच का अडकली त्याला कारण आहे. डिस्क लिहिली जाते आतून बाहेर, म्हणजे सिनेमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ आणि शेवट बाहेरच्या कडेला. हाताळणी, दमट हवा, डिस्कच्या दोन पातळ चकत्या चिकटवण्यातला कच्चेपणा, सगळ्याचा पहिला मार कडेलाच बसतो. त्यामुळे खराब डिस्कमध्ये आधी जातो तो शेवट. आपल्याकडे लग्नाच्या शेवटी काय असतं ते सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच डब्यात, त्याच माळ्यावर, मोझर बेअर कंपनीची एक सिनेमाची डीव्हीडी होती. आठवत असेल, त्या काळात ते डीव्हीडी ३४ रुपयांना आणि व्हीसीडी २८ला विकायचे, रेल्वे स्टेशनबाहेरसुद्धा मिळायच्या. ती ३४ रुपयांची डीव्हीडी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या नावांपर्यंत न अडखळता चालली. आमचे हे लगेच म्हणाले, बघ, विकतचं ते विकतचं. तसं नाहीये ते. कारखान्यातली सिनेमाची डिस्क ही छापलेली असते, साच्यातून दाबून खड्डे उमटवलेली, वर ॲल्युमिनियमचा थर. आपण घरी बर्न करतो त्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, त्यात एक रंगाचा थर असतो, रसायनाचा, लेझरने तो जिथे जिथे भाजतो तिथे खूण उमटते. म्हणजे एक दगडावर कोरलेलं आणि दुसरं शाईने लिहिलेलं, आणि शाई कोणाची ते तुम्हाला दुकानदार सांगत नाही. माझा आजच्या पत्राचा मुद्दा हाच आहे.

मी ती कोरी डिस्क लॅमिंग्टन रोडला घेतली होती, सुटी. काउंटरवर उघडा स्पिंडल, म्हणजे दांडीत ओवलेली डिस्कची चळत, त्यातून त्याने मोजून पाच काढल्या, पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्या, दहा रुपयाला एक. वर कंपनीचं नाव झोकात छापलेलं. आपल्याला वाटतं हा ब्रँड म्हणजे हा कारखाना, पण कोऱ्या डिस्कच्या धंद्यात ते खरं नसतं, ब्रँड एकाचा, माल भलत्याचा, आणि एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्क निघू शकतात. खरा कारखाना कळतो तो डिस्कच्या आत लिहिलेल्या कोडवरून. कॉम्प्युटरवर इमगबर्न नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये टाकली की उजव्या बाजूला बरीच माहिती येते त्यात हा कोड असतो. एमसीसीने सुरू होणारा म्हणजे मित्सुबिशी केमिकल, व्हर्बेटिम ब्रँडच्या चांगल्या डिस्कवर तो यायचा. टीवायजी म्हणजे जपानची ताइयो युदेन, हे लोक तर या कामातले पंतोजी, पण २०१५ अखेर त्यांनी हा धंदाच बंद केला. सीएमसी मॅग म्हणजे तैवानची सीएमसी मॅग्नेटिक्स, आणि २०१९ मध्ये व्हर्बेटिमचा डिस्कचा धंदाही मित्सुबिशीने त्यांनाच विकायचा सौदा केला. आपली मोझर बेअर, ग्रेटर नोएडाची, एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांत होती, ती २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. म्हणजे आता बाजारात जे आहे त्यात जुना पडून राहिलेला स्टॉक बराच, आणि वापरलेल्याच नव्हे तर कोऱ्या डिस्कचा रंगही वर्षानुवर्षं गरम गोडाउनमध्ये पडून खराब होतोच. हा कोडही नकली टाकणारे महाभाग आहेत, ताइयो युदेनच्या नावाने तर बराच बनावट माल फिरला, तरी काहीच न बघण्यापेक्षा बरं.

आता कोणी म्हणेल आजच्या काळात डिस्क कोण वापरतं, पेन ड्राइव्ह आहे, क्लाउड आहे. वापरतात हो. माझ्या आईला पंच्याऐंशीव्या वर्षी क्लाउड नको असतो, तिला ट्रे बाहेर येतो, डिस्क ठेवायची, बटण दाबायचं, एवढंच जमतं आणि एवढंच हवं असतं. पेन ड्राइव्ह तर आमच्या घरात टाचणीसारखा हरवतो. सोसायटीतल्या निदान चार घरांत मी नातवंडांची बारशी, मुंजी बर्न करून दिल्यात. (बाजारातल्या सिनेमांच्या कॉप्या मारून वाटणं हा कॉपीराइटचा गुन्हा आहे, त्यासाठी माझ्याकडे कोणी येऊ नये, दोघांना परत पाठवलंय.)

तर घेताना काय घ्यायचं. साध्या प्लेअरसाठी साधी एका थराची डीव्हीडी-आर घ्या, वजावाली. अधिकवाली प्लस-आर वाईट नाही, पण फार जुने प्लेअर तिच्यावर नाक मुरडतात, बर्न करताना बुक टाइप (डिस्क प्लेअरला आपला प्रकार सांगते ती नोंद) डीव्हीडी-रॉम करता आला तर चालून जाते, पण ती भानगड सगळ्या ड्राइव्हना जमत नाही. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहायची, ती सिनेमासाठी अजिबात घेऊ नका, तिच्यावरून उजेड कमी परततो, म्हाताऱ्या प्लेअरला दिसतच नाही. डब्यावर ४.७ जीबी लिहितात आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, यावरून मी एकदा दुकानात भांडून आलेय, नंतर कळलं की कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, दुकानदार बिचारा यात तरी निर्दोष होता. तेवढ्यात साधारण दोन तासांचं चांगलं चित्र मावतं. तीन तासांचं लग्न असेल तर लोक ८.५ जीबीची दुथरी डिस्क घ्यायला जातात, महाग असते, बर्न करताना वाया जाते तीच जास्त, आणि चालली तरी एका थरावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच क्षणभर थबकते. त्यापेक्षा दोन साध्या डिस्क करा, मध्यंतर जेवणाच्या पंगतीला.

सुटी डिस्क घेऊ नका. किराण्याच्या दुकानात पाव किलो रवा घेताना आपण कीड आहे का बघतो, तारीख बघतो, आणि इथे आयुष्यभराचं शूटिंग ज्याच्यावर ठेवायचं ती वस्तू उघड्या चळतीतून बोटांनी काढलेली घेतो. सीलबंद पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव, आयात माल असेल तर देश, महिना-वर्ष असायलाच लागतं, वजनमापाच्या कायद्याने, ते वाचता येतं आणि जुना माल टाळता येतो. सुटीवर काय वाचणार? छोटा सीलबंद डबा घ्या, दहाचा मिळाला तर दहाचा, घरी आणून पहिल्या डिस्कचा कोड बघा, एक बर्न करा आणि ज्या प्लेअरवर शेवटी लागणार आहे त्याच प्लेअरवर ती शेवटापर्यंत बघा. सुरुवात बघून खूश होऊ नका, माझी पण २००८ मध्ये सुरुवात छानच होती.

बर्न करताना घाई नको. डिस्कवर १६ एक्स (हा लिहिण्याचा वेग) लिहिलेलं असलं तरी मी ८ एक्सवर करते, पाचाऐवजी नऊ-दहा मिनिटं लागतात, चहा होतो तेवढ्यात. व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायची खूण काढू नका. फायनलाइझ केल्याशिवाय, म्हणजे लिहिणं पुरं करून डिस्क बंद केल्याशिवाय, बाहेरच्या प्लेअरवर चालणार नाही. आणि मोबाइलमधली एमपी४ फाइल नुसती कॉपी करून डीव्हीडी झाली असं समजू नका, ती साध्या प्लेअरवर लागत नाही, डीव्हीडी व्हिडिओ म्हणून बनवावी लागते, आपल्याकडे पाल पद्धतीची, चित्र ७२० बाय ५७६. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सहा याच असतात आणि दोष डिस्कला देतात.

वर कागदी स्टिकर लावू नका, तोल जातो आणि मुंबईच्या पावसाळ्यात सुटतोही. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक रिंगवर लिहा. माळ्यावर नको, विशेषतः पत्र्याखालच्या, कपाटात उभी ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका. पुसायची तर आतून बाहेर सरळ, गोल गोल नाही. एम-डिस्क नावाची पण एक मिळते, तिच्यात रंगाऐवजी खनिजासारखा थर असतो, लिहायला मात्र तिला चालणारा ड्राइव्ह लागतो, कंपनी म्हणते हजार वर्षं टिकेल. शिवराज्याभिषेकाला आत्ता कुठे ३५० वर्षं झाली, तेव्हा हजारच्या पुढचं बघायला कोण राहणार, पण आपल्या नातवापर्यंत टिकली तरी पैसे वसूल. दोन कॉप्या करा, दोन वेगळ्या कारखान्यांच्या, आणि तिसरी हार्ड डिस्कवर. मी एकच केली होती.

दुकानदारांना एवढीच विनंती की सुट्या विकायच्याच असतील तर स्पिंडलचा मूळ कागद काउंटरवर लावून ठेवा, निदान वर्ष तरी दिसेल.

जाता जाता, वन्संच्या घरी आमच्या लग्नाची आणखी एक कॅसेट सापडली आहे, मुलाकडच्यांची म्हणून वेगळी काढलेली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी आलीये पण लेबलवरचं अक्षर माझ्या सासऱ्यांचंच आहे. नवे व्हीसीआर २०१६ पासून जगात कुठे बनत नाहीत आणि आमचा कधीच मोडीत गेला. मुलुंड ते ठाण्याच्या पट्ट्यात कोणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर, आणि बुरशी साफ करून लावायची हिंमत असलेला माणूस असेल तर पेपरमार्फत कळवावं, डिस्क मी आणेन, सीलबंद.

एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई