हॉट रॉड आणि उंच चालक

संपादक महोदय,

१९३२ च्या फोर्डची हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, बांधताना छत कापून बुटकं करायची घाई आधी होते, चालकाचं माप मागाहून! मग सहा फुटी माणसाचे गुडघे स्टिअरिंगला टेकतात.

रिकाम्या बॉडीत खोक्यावर चालकाला बसवा, पाय पेडलवर ठेवायला सांगा, मगच सीट ठरवा. सीटमध्ये जाड स्प्रिंगांऐवजी दोन-तीन इंची घट्ट फोम घातला की डोक्यावर जागा सुटते. स्टिअरिंग लहान आणि त्याचा कॉलम (दांडा) खाली-वर होणारा हवा. मोठ्या इंजिनासाठी फायरवॉल (इंजिन आणि चालकामधली भिंत) आत घेतली, तर पावलांची जागा गेलीच.

चॅनेलिंगमध्ये बॉडी चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) खाली उतरते, पण बॉडीच्या आत फ्लोअर वर सरकतो. तिथे पातळ गादीही पुरत नाही. चेसिसच्या दांड्यांमध्ये फ्लोअर खोल करावा, मात्र एक्झॉस्ट आणि ड्राइव्हशाफ्टला (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) अंतर सोडूनच.

एक वाचक