शुगर सगळे विचारतात, भीतीचे काय?

संपादक महोदय,

मधुमेहाविषयी पथ्य, चालणे, नवी औषधे यांवर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. इन्शुलिन घेणाऱ्याच्या मनातल्या धास्तीवर मात्र क्वचितच, म्हणून हे पत्र.

माझे पती बरीच वर्षे इन्शुलिनवर आहेत. एका रात्री झोपेतच त्यांची शुगर फार खाली गेली. वेळ निभावली, पण त्यांनी जो धसका घेतला तो घेतलाच. मीटरवर २०० च्या वर आकडा दिसल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ टेकेनात. त्यासाठी मुद्दाम खाऊन झोपायचे. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारा आकडा, वाढत गेला आणि दर तपासणीला ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून बोलणी बसू लागली. का खाता, हे कोणी विचारले नाही.

पंचाईत अशी, की शुगर लो झाली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. आणि नुसत्या घबराटीतही नेमके हेच होते. दोन्हीकडे अॅड्रेनालिनचाच खेळ. ‘मन खंबीर ठेवा’ हा सल्ला इथे काय कामाचा?

उपयोग झाला तो एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे शिकलेल्या गोष्टींचा. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार, म्हणतात ती हीच. घाबरल्यासारखे झाले की शुगर किती असेल याचा मनाशी अंदाज बांधायचा, लगेच बोट टोचून खरा आकडा बघायचा, नंतर दोन्ही वहीत लिहायचे. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तिथे चर्चा नाही. मीटर हाताशी नसेल तर शुगर लो आहे असेच धरायचे. आकडा ठीक असेल तर मात्र काही न खाता संथ श्वास घेत बसायचे आणि घबराट ओसरू द्यायची. (सुरुवातीला ते मलाच बघवत नसे.) वहीची पाने भरत गेली तसे अंदाज कुठे चुकतात ते त्यांचे त्यांनाच दिसू लागले. झोपतानाचा २०० चा हट्टही डॉक्टरांना विचारून हळूहळू खाली आणला.

ही वाट आम्हाला कोणी दाखवली नव्हती, शोधावी लागली. चिंता किती आहे याचा अंदाज देणारी जीएडी-७ ही प्रश्नावली अवघ्या ७ प्रश्नांची आहे. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत भरून होते. मधुमेहाच्या तपासणीत ती का नसावी? आपल्या आरोग्य पानावर एखाद्या मानसशास्त्रज्ञाकडून या उपचारांविषयी सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक