कलम पाहिले, वय पाहिलेच नाही

संपादक महोदय,

कोविडच्या साथीत जगभर कैदी सोडले गेले, तेव्हा दोन बाजूंनी आरडाओरडा झाला. एक बाजू म्हणत होती, गुन्हेगार मोकाट सोडले. दुसरी म्हणत होती, सरकारांना अखेर दया आली. मला यातले काहीच पटत नाही. जे सुटले त्यांतले बरेचसे आज ना उद्या सुटणारच होते, आणि ज्यांना या आजाराचा सर्वांत जास्त धोका होता ते बहुतेक आतच राहिले. मी काही वर्षे कारागृहाच्या दवाखान्यात काम केले आहे, म्हणून हा विषय शिळा झाला असे सगळे म्हणत असताना पत्र लिहितो आहे. पुढची साथ आल्यावर लिहून उपयोग नाही.

कैदी सोडताना आपण पाहिले काय? कलम पाहिले. 23 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील कैद्यांना पॅरोल किंवा अंतरिम जामिनावर सोडण्याचा विचार करावा, असे सुचवले. यात चूक काढायची म्हणून काढत नाही. आपल्या कारागृहांत दर चारांतले तीन जण कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही. गर्दी कमी करायची तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती आणि ती झाली. पण सात वर्षांच्या आतल्या कलमाखाली आत असतो कोण? बहुधा चोरी-मारामारीतला, विशी-तिशीतला माणूस. आणि विषाणू मारत होता कुणाला? साठीच्या पुढच्यांना, मधुमेह्यांना, हृदयविकाराच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना. तिशीत खुनाच्या खटल्यात आलेला, आता पासष्टीचा झालेला, दोन जिने चढताना तीनदा थांबणारा जन्मठेपेचा कैदी या यादीत सहजासहजी बसतच नव्हता.

महाराष्ट्राने मे 2020 मध्ये पॅरोलच्या नियमांत दुरुस्ती केली आणि सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांनाही दार किलकिले केले. त्याला अट अशी, की मागच्या दोन वेळा रजेवर सुटून तो वेळेवर परत आलेला असावा. ज्याला आयुष्यात कधी रजाच मिळाली नाही त्याने काय करायचे? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावा लागला, तेव्हा कुठे ही अट अशांना लागू नाही असे स्पष्ट झाले. मोका (संघटित गुन्हेगारीविरोधी), यूएपीए (दहशतवादविरोधी) अशा विशेष कायद्यांखालचे कैदी तर वयाचा विचार न करता बाजूला काढले होते. यूएपीएखाली अटकेत असलेले, आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी 84 वर्षांचे होते, पार्किन्सन्समुळे (कंपवातामुळे) त्यांना पेला हातात धरता येत नव्हता. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच 5 जुलै 2021 रोजी ते गेले. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल वाचकांचे काहीही मत असो, असा माणूस पळून कुठे जाणार होता?

हे फक्त आपल्याकडचे नाही. इराणने मार्च 2020 मध्ये सुमारे 85 हजार कैदी तात्पुरते सोडले, पण सुरक्षेच्या गुन्ह्यांखाली पाच वर्षांहून जास्त शिक्षा असलेले वगळून. तुर्कस्तानने एप्रिलमध्ये सुमारे 90 हजारांना सोडण्याचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला आणि दहशतवादाच्या कलमांखाली अडकलेल्या पत्रकारांना मात्र आतच ठेवले. म्हणजे निकष आरोग्याचा, चाळणी राजकारणाची. इंग्लंडचा प्रकार वेगळाच. तिथे शिक्षा संपायला दोन महिने उरलेल्या चार हजार कैद्यांना सोडू म्हणून गाजावाजा झाला. मधेच काही जण चुकून सोडले गेले म्हणून योजना थांबली, पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये गुंडाळली. तोवर सुटले होते जेमतेम तीनशे. बाकीच्यांना दिवसातले तेवीस तास कोठडीत कोंडून साथ आवरली. कैदी न सोडण्याची किंमत ही असते, आणि ती शिक्षेत धरली जात नाही.

आता माझ्या कामाचा भाग. आजारपणामुळे मुदतीआधी सुटका ही तरतूद बहुतेक देशांत आधीपासून आहे. पण तिची मांडणी कर्करोगाचा शेवटचा टप्पा डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. डॉक्टरला विचारले जाते, रुग्ण किती महिने जगेल? कर्करोगात अंदाज बांधता येतो. हृदय निकामी होत चाललेल्या किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या रुग्णाचे काय लिहायचे? तो आज निळा पडतो, ऑक्सिजन लावला की परवा उठून चहा मागतो. ‘नक्की सांगता येत नाही’ असे खरे लिहिले की कागद शेरा मारून परत येतो. ‘तीन महिने’ लिहावे आणि तो वर्षभर जगला, तर डॉक्टरने खोटा दाखला दिला म्हणून चौकशी. त्यामुळे बहुतेक डॉक्टर लिहायचे टाळतात, आणि लिहिलेला कागद तुरुंग अधीक्षक, जिल्हा, गृह खाते असा फिरून येईपर्यंत अनेकदा रुग्णच उरत नाही. आमच्याकडे मंजुरीचा एक कागद अंत्यविधीनंतर पोहोचल्याचे मी पाहिले आहे. कुणाला त्याचे फारसे नवल वाटले नाही, हे जास्त वाईट.

साथीत तर हा प्रश्नच गैरलागू ठरतो. पासष्टीचा मधुमेही उद्या मरणार नाही. गोळ्या वेळेवर मिळाल्या तर आणखी पंधरा वर्षे जगेल. पण बराकीत जिथे रात्री एकाने कूस बदलली की शेजारच्याला बदलावी लागते, आणि सकाळी एकाच नळावर सगळे तोंड धुतात, तिथे विषाणू शिरला तर हा मधुमेही पंधरा दिवसांत दगावू शकतो. त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे? ‘मरणासन्न’ नाही म्हणून आजारपणाची सुटका नाही, आणि कलम गंभीर म्हणून साथीतली सुटकाही नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मे 2020 च्या अखेरीस दुसऱ्या बाधित तुरुंगातून शंभरावर कैदी तिथे हलवले. त्यांच्या चाचण्या कित्येक आठवडे जुन्या होत्या. काही महिन्यांत दोन हजारांहून जास्त कैद्यांना लागण झाली आणि 28 कैदी व एक कर्मचारी दगावले. ऑक्टोबरमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तुरुंगातली संख्या निम्म्यावर आणायला सांगितले, आणि हिंसक गुन्ह्यातले म्हणून वयस्क कैद्यांना सरसकट वगळण्याच्या धोरणावरही बोट ठेवले. वरच्या न्यायालयाने तो आदेश नंतर रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले, हा भाग निराळा.

‘खुन्याला सोडायचे का?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. त्याचे उत्तर मात्र भीतीने नको, अनुभवाने द्यावे. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यात 2012 मध्ये एका न्यायनिर्णयामुळे जुने खटले सदोष ठरले आणि जवळजवळ दोनशे वृद्ध कैदी टप्प्याटप्प्याने सुटले. बहुतेक खून, बलात्कार अशा गुन्ह्यांतले, तीस-चाळीस वर्षे आत काढलेले. त्यांच्यात पुन्हा गुन्ह्याकडे वळल्याचे प्रमाण अगदी नगण्य निघाले. साथीच्या काळात अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांतून 11 हजारांहून जास्त कैदी घरी नजरकैदेत पाठवले, त्यात नव्या गुन्ह्यासाठी परत आणावे लागले 17. हे लोक निवडून पाठवले होते, हे मान्य; पण निवड करता येते हेच तर सांगायचे आहे. वय वाढते तसा गुन्हा करण्याचा उत्साह ओसरतो, हे तुरुंगातला कोणताही जुना शिपाई सांगेल.

पीडितांच्या कुटुंबांचा मुद्दा याहून अवघड आहे. आपल्या माणसाला मारणारा अंगणात बसून ऊन खातो आहे, हे पाहणे सोपे नाही. म्हणून सुटकेआधी त्यांना कळवायलाच हवे, आणि त्याच गावात पाठवायचे की दुसरीकडे हेही त्यांना विचारून ठरायला हवे. पण माफीची मागणी इथे कुणीच करत नाही. शिक्षा तशीच राहते, ती भोगायची जागा काही काळ बदलते. आपल्याकडे सुटलेल्यांना तरी काय मिळाले? मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितले.

आणि भिंतीचा भरवसा धरू नये. 1750 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात सुनावणीसाठी आणलेल्या कैद्यांकडून टायफस हा जीवघेणा ताप पसरला. त्यात शहराचे महापौर गेले, दोन न्यायाधीश गेले, शिवाय वकील आणि पंचही. तुरुंगात रोज पाळी बदलते, शिपाई घरी जातो, दूधवाला येतो, कच्चा कैदी कोर्टात जाऊन येतो. आतली साथ आत राहत नाही.

माझी मागणी साधी आहे. दर सहा महिन्यांनी प्रत्येक कारागृहाच्या डॉक्टरने साठीवरच्या आणि जुनाट आजार असलेल्या कैद्यांची यादी करावी, साथ असो वा नसो. यादीत कलमाचा रकाना शेवटी असावा. साथ जाहीर झाली की त्या यादीवर ठरलेल्या मुदतीत, समजा दहा दिवसांत, एकाच समितीने निर्णय द्यावा, आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे. जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडावे. ज्याला घरच उरले नाही, किंवा घरचे घ्यायला तयार नाहीत, त्याच्यासाठी जागा आधीच ठरवून ठेवावी. वीस-पंचवीस वर्षे आत काढलेल्यांत असे पुष्कळ असतात आणि सुटकेच्या दिवशी ते फाटकाबाहेर पिशवी घेऊन नुसते उभे राहतात. त्या पिशवीत किमान महिनाभराच्या गोळ्या, तपासण्यांचे कागद आणि जवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी असावी. इन्सुलिन घेणाऱ्याला सुई-सिरिंजही द्यावी. आज बहुतेकांना ती मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी